मानेवरची गाठ

गंगावेश, कोल्हापूर
८ जून १९७७

डॉ. नृसिंह यांस,

सयाजीचं पत्र कसं काय आलं, असं वाटून पाकीट उलटंसुलटं करत बसू नये. भाऊ म्हणून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी दूध कट्ट्यावर आपल्यात जे झालं ते तिथंच आहे, त्याला मी हात लावत नाही. आपण पुण्यात जनावरांच्या लशी तयार करता आणि मी कोल्हापुरात चार म्हशी राखतो, एवढ्याच नात्यानं ही तक्रार आहे.

मेअखेरीस घटसर्पाची नवी लस इथल्या जनावरांच्या दवाखान्यात आली. तेलातली. आजवर आम्ही तुरटीची वापरत होतो, ती पाण्यासारखी पातळ, बाटली हलवली की तळाचा पांढरा साका वर येतो. ही नवी साईसारखी दाट. जाड सुई लावली तरी पिचकारी दाबताना अंगठ्याला वळ उठतो. माझ्या तीन म्हशींना दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टोचलं. भिंगरीला मी स्वतः टोचलं, कारण तिच्या अंगाला परका हात मी लावू देत नाही, हे आपणास ठाऊक आहे. सुई उकळून घेतली होती, जागा स्पिरिटनं पुसली होती, लस नेहमीच्या ठिकाणी दिली होती.

त्या तिघींच्या अंगावर काही नाही. भिंगरीच्या मानेवर डाव्या अंगाला गाठ. आधी लिंबाएवढी होती, आता मोसंबीएवढी. टणक. ताप नाही, वैरण खाते, दूध तेवढंच देते. पण संध्याकाळी धारोष्ण दूध विकायला तिला कट्ट्यावर उभी केली की गिऱ्हाईक आधी तिची मान बघतं आणि मग पेला घेऊन शेजारच्या पिराजीच्या म्हशीकडं वळतं. पिराजी मोठ्यानं विचारतो, "सयाजीराव, म्हशीला पदक कुठं मिळालं?"

लेबल मी डिक्शनरी घेऊन शब्दन् शब्द वाचलं. त्यात अ‍ॅडज्युव्हंट असा एक शब्द आहे. डिक्शनरीत अर्थ दिलाय, मदतनीस. तेल हे औषध नव्हे. बद्धकोष्ठाला देतात ते पातळ पॅराफिन आणि मेंढीच्या लोकरीची चरबी, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. रोग अडवायचं काम जंतूंच्या लशीचं, मग हा मदतनीस तिथं करतो काय? आणि तीन म्हशींना काही न करता एकीलाच गाठ का आणतो?

लेखी खुलासा करावा. घरगुती मजकूर नको.

सयाजी केरबा


२० जून १९७७

नृसिंहास,

तुझं कार्ड मिळालं. आठ ओळी, त्यातल्या पाच ओळी प्रश्नांच्याच. आपण-बिपण सोडून दिलं आहे. लिहिताना हात अडखळत होता.

तू विचारतोस, "नेहमीचं ठिकाण म्हणजे कुठलं? कातडीखाली की मांसात?" कातडीखाली. मानेवर, कातडी चिमटीत धरून. तुरटीची लस तिथंच द्यायची असते आणि वीस वर्षं मी तिथंच देत आलो, एकदाही काही उठलं नाही. तेलाची लस मांडीत खोल, मांसात द्या, असं लेबलावर छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं असं समजू नकोस. वाचूनच मानेत दिली. मांडीत खोल टोचलेली म्हैस दोन दिवस लंगडते. एखाद्या कारकुनाची घरच्या दुधाची म्हैस लंगडली तर गोठ्यात लंगडेल. माझी म्हैस रोज संध्याकाळी गंगावेशीतनं चालत कट्ट्यावर येते, चारचौघांसमोर उभी राहते आणि लोक तिच्या सडाखाली पेला धरून फेसाळ दूध तिथंच पितात. लंगड्या म्हशीचं दूध कोण पिईल? दवाखान्यात टोचलेल्या तिघींना मी दोन दिवस गोठ्यातच ठेवलं. चौथीलाही घरी बसवली असती तर कट्ट्यावर मी एकटाच उभा राहिलो असतो काय?

ज्या कट्ट्यावर तू नवी डिग्री घेऊन उभा राहिलास आणि माझ्याच गिऱ्हाइकांना म्हणालास, "कच्चं पिऊ नका, उकळून प्या, यातनं क्षय होतो," तोच हा कट्टा. मी तुला गोठ्यात पाय ठेवू नकोस म्हणालो, ते मी मागं घेतलेलं नाही. तू त्या वेळी बॅग उचललीस आणि स्टँडवर गेलास. जाऊ दे. घरगुती मजकूर नको असं मीच लिहिलं होतं.

मुद्द्यावर येतो. तू लिहिलंस की तेल लशीला धरून ठेवतं, एकदम सांडू देत नाही. ते मी करून बघितलं. निळीचं पाणी गोडेतेलात साबणाच्या चुऱ्यासकट खूप घोटलं आणि तो गोळा पाण्याच्या पेल्यात सोडला. दुसऱ्या पेल्यात नुसतं निळीचं पाणी ओतलं. नुसतं पाणी क्षणात निळं झालं. तेलाचा गोळा मात्र रंग सोडायलाच तयार नाही, कडेनं जरा जरा निळसर धागे. तुझी वहिनी म्हणाली, "माझी नीळ, माझं तेल, आन् तुमची प्रयोगशाळा."

तर धरून ठेवतं हे कळलं. पण धरून ठेवल्यानं जोर कसा वाढतो? त्यावर तू लिहिलंस की तेल तिथं थोडी आग पेटवतं आणि त्या आगीकडं शरीराचे राखणदार धावतात. हे मी माझ्या भाषेत असं समजतो : आखाड्यात नवा पैलवान नुसता येऊन उभा राहिला तर कोण बघतो? हलगी कडाडली की सगळं मैदान वळतं. मेलेले जंतू म्हणजे तो पैलवान, तेल म्हणजे हलगी. बरोबर का? बरोबर असेल तर बरोबर लिही, नसेल तर कुठं चुकलं ते लिही. "साधारण तसंच" असं लिहू नकोस, मला साधारण चालत नाही.

गाठ चिरू नको म्हणालास, चिरत नाही.

सयाजी


११ जुलै १९७७

नृसिंहास,

पिराजीची काळी म्हैस काल गेली. सकाळी तिनं धार दिली होती. दुपारी लाळ गळायला लागली, अंग तापलं, दिवेलागणीला गळा भोपळ्याएवढा सुजला. घरघर रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. डॉक्टर आले, सुया दिल्या, उपयोग झाला नाही. नदीला पाणी चढलं म्हणून शिरोळकडच्या काही म्हशी नातेवाइकांनी इकडं आणल्या आहेत, त्यांतनं घटसर्प शिरला असं सगळे म्हणतात.

पिराजीनं गेल्या पावसाळ्याआधी तुरटीची लस दिली होती. यंदा तेलाची दिली नाही, लंगडेल म्हणून. तुरटीवाल्या लशीचा जोर चार-सहा महिने आणि तेलाचा वर्षभर, असं तू लिहिलं होतंस. ते मी पिराजीला मेलेल्या म्हशीजवळ उभं राहून सांगितलं. त्या वेळी सांगायला नको होतं.

आणि भिंगरीला काही झालं नाही. कट्ट्यावर ती काळीच्या शेजारी उभी असायची, दोघी एकाच डोणीत पाणी प्यायच्या. आज सकाळपासून माझ्या दारात माणसं आहेत. गेल्या महिन्यात जी गाठ बघून तोंड फिरवायची, तीच माणसं आता गाठीवर हात ठेवून बघतात. पिराजीही आला. डोळे सुजलेले, पण आवाज तोच, वेशीपर्यंत जाणारा.

"सयाजी, मला तसली गाठ उठवून दे. माझी दुसरी म्हैस ऱ्हायलीया."

मी म्हटलं, "गाठ लशीची खूण न्हाई पिराजी. माझा— पुण्याच्या प्रयोगशाळेचं म्हणणं हाय तसं."

त्यानं सदऱ्याची बाही वर सारली. दंडावर देवी काढल्याचे दोन गोल वण. "ह्ये बघ. टोचल्या तवा दोन उठल्या, म्हणून मी हाय. माझ्या धाकट्या भनीला बी टोचलं होतं. तिच्या दंडावर काय उठलं न्हाय. आई म्हनली, बरं झालं, पोरीला तरास न्हाय झाला. त्याच साली देवी आली आन् ती गेली. मला पुन्याचं नगं सांगूस. उठलं तर लागलं, न्हाय उठलं तर न्हाय लागलं."

नृसिंहा, याला काय उत्तर द्यायचं? तो खोटं बोलत नाही. देवीच्या वेळी घरोघर येणारे टोचणारे आठ दिवसांनी परत येऊन दंड बघायचे, उठल्या नसतील तर पुन्हा टोचायचे. म्हणजे सरकारही उठल्यावरच मानत होतं. मग म्हशीला वेगळा न्याय का?

येत्या काही दिवसांत पंचवीस-तीस म्हशींना टोचायचं म्हणतात. दवाखान्यात लस आहे, माणसं कमी आहेत, डॉक्टरांनी मला टोचायची परवानगी दिली आहे. सगळे एकच सांगतात : सयाजीकडनं घ्यायची, मानेवर घ्यायची, गाठ उठली पाहिजे. मला गाठवाले डॉक्टर म्हणायला लागलेत. खोटं कशाला लिहू, ऐकायला बरं वाटतं. तुझी वहिनी म्हणते, "मान सुजलीया म्हशीची, आन् ताठ झालीया तुमची."

लगेच उत्तर दे. कार्ड नको, पाकीट पाठव.

सयाजी


१९ जुलै १९७७

नरसू,

चार पानं मिळाली. आधी उभ्यानं वाचली, मग बसून वाचली, मग गोठ्यात नेऊन वाचली.

देवीची लस जिवंत असते, ती कातडीतच वाढते, तो वण म्हणजे तिच्या वाढण्याची खूण. म्हणून तिथं न उठणं म्हणजे न लागणं. पिराजीची बहीण त्यामुळंच गेली असेल. आणि घटसर्पाच्या लशीतले जंतू मेलेले, मेलेलं वाढत नाही, तेव्हा ही गाठ लशीची नव्हे, तेलाची. कातडीखाली रक्ताचा ओघ कमी, तेल तिथं साचून राहतं आणि अंग त्याच्याभोवती भिंत बांधतं. मांसात तेच तेल पसरतं, हळूहळू ओढून घेतलं जातं, वरून काही दिसत नाही.

पटलं. पूर्ण पटलं.

नंतर रात्री जेवताना नाही पटलं. तूच म्हणालास ना, आग पेटली की राखणदार धावतात? मग मोठी गाठ म्हणजे मोठी आग. मोठी आग म्हणजे जास्त राखणदार. मग भिंगरीच जास्त सुरक्षित असायला पाहिजे, का नको? तेल हलगी असेल तर हलगी जेवढी मोठी तेवढी गर्दी मोठी. यात माझी चूक कुठं आहे ते दाखव. का हलगी एवढी वाजली की गर्दी हलगीवाल्याभोवतीच जमली आणि पैलवान बाजूलाच राहिला? मला दोन्ही खरं वाटतं, आणि दोन्ही खरं असू शकत नाही.

तू रक्त मागितलंस. चौघींचं काढलं. मानेच्या शिरेतनं, जाड सुईनं, कोरड्या बाटलीत. थंड होऊ दिलं, वर पिवळं पाणी सुटलं ते काढून वेगळ्या बाटल्यांत भरलं, प्रत्येकीवर म्हशीचं नाव चिकटवलं, थर्मासमध्ये बर्फाच्या खड्यांवर कापूस घालून ठेवलं. बर्फ बाटलीला चिकटू दिला नाही. थर्मास पहाटेच्या पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरकडं दिला आहे. तो विचारत होता आत काय आहे. मी म्हटलं, म्हशीचं रक्त. त्यानं थर्मास हातभर लांब धरला.

ते पिवळं पाणी तू उंदरांना देणार, मग उंदरांना घटसर्पाचे जंतू टोचणार, आणि कुठल्या म्हशीचे उंदीर जगतात ते बघणार. उंदरांच्या जिवावर म्हशींचा न्याय! कोल्हापुरात असा न्याय कुणी ऐकला नसेल. पण गाठ खरी की न-गाठ खरी हे यातनं ठरेल. निकाल येईस्तोवर मी कुणाला टोचणार नाही. एकतीस तारखेचा रविवार सांगितला आहे. तोवर निकाल पाठव. सगळा कट्टा माझ्या तोंडाकडं बघून बसला आहे आणि रोज कुठून ना कुठून म्हैस गेल्याची बातमी येते.

सयाजी


१ ऑगस्ट १९७७

नरसू,

निकाल शनिवारी मिळाला. भिंगरीचे उंदीर जगले. ढवळीचे जगले, तिला गाठ नाही. हरणीचे जगले, तिलाही गाठ नाही. आणि तिसरीचे, त्या मोरीचे, निम्मे मेले. तिलाही गाठ नाही, तिला त्या दोघींबरोबर त्याच दिवशी, त्याच बाटलीतलं, त्याच डॉक्टरांनी, त्याच जागी दिलं होतं.

मला वाटलं होतं पत्र फोडलं की उलगडेल. उलट गुंता झाला. गाठवाली चांगली, बिनगाठीच्या दोन चांगल्या, एक अर्धवट. मग ठरलं काय? तू लिहितोस, "एकाच लशीला प्रत्येक जनावर आपल्यापुरतं उत्तर देतं. चार म्हशींवरून मी गाठीबद्दल काही सांगू शकत नाही. गाठ असणं किंवा नसणं हा पुरावा नाही, एवढंच म्हणता येईल." नृसिंहा, सरकार पगार कशाचा देतं रे तुम्हाला? पण तुझ्या जागी मी असतो तर काहीतरी ठाम लिहिलं असतं, आणि ते चुकीचं निघालं असतं, हेही मला कळतं.

दुसरं असं की भिंगरीची गाठ शुक्रवारी फुटली. पू, तेल, भोक बोटभर. मानेला दावं लावू देत नाही, मान टाकून उभी असते. तुझी वहिनी कडुलिंबाच्या पाण्यानं धुते. मी तिथं उभं राहून पंचवीस म्हशींच्या माना डोळ्यांपुढं आणल्या.

तर रविवारी कट्ट्यावर मी सांगितलं, "लस मांडीत, खोल. दोन दिवस लंगडतील. गाठ उठणार न्हाई."

एकदम गलका झाला. पिराजी पुढं, दुसऱ्या म्हशीचं दावं हातात. "गाठ उठायची न्हाय? मग लागली ह्ये कशावरनं कळायचं?"

मी म्हटलं, "कशावरनंच न्हाई."

लोक हसले. कुणीतरी मागनं ओरडलं, "मग टोचतोस कशाला, सवय म्हनून?"

निळीचा पेला सांगू की हलगी सांगू की उंदीर? तोंडातनं एवढंच निघालं, "माझा भाऊ म्हणतो म्हणून."

तिथं उभा असलेला प्रत्येक माणूस त्या दिवशीही तिथंच होता. मी तुला कुठल्या शब्दांत घालवलं ते सगळ्यांनी ऐकलं आहे. पिराजीनं माझ्याकडं बघितलं, मग म्हशीकडं. म्हणाला, "टोच मग. खोल टोच."

पहिली त्याची टोचली. निम्मे लोक थांबले, निम्मे म्हशी घेऊन परत गेले. कच्च्या दुधाबद्दल तू जे बोललास ते मला आजही मान्य नाही. तुझी वहिनी हल्ली उकळते, तो तिचा हट्ट आहे, गैरसमज नको.

सयाजी


८ ऑगस्ट १९७७

नरसू,

पिराजीची दुसरी म्हैस काल गेली. एकतीस तारखेच्या रविवारी मीच टोचली होती ती. सहा दिवसांनी लाळ, ताप, गळा. पहिलीसारखंच सगळं.

तेलाच्या लशीला ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर जनावर उघडंच असतं, हे तू तुझ्या चार पानांत लिहिलं होतंस. मला पाठ आहे. कट्ट्यावर मी ते सांगितलं होतं का? सांगितलं होतं असं मला वाटतं. तुझी वहिनी म्हणते सांगितलं, पण ती माझी बाजू घेणार. थांबलेल्यांपैकी दोघांना विचारलं, एक व्हय म्हणतो, एक न्हाय म्हणतो. गलका होता. रोग तिच्या अंगात आधीच शिरला होता का, सुई घालताना मांडीत नीट गेली नाही का, ती मोरीसारखी अर्धवट उत्तर देणारी होती का? की काळी गेली त्याच दिवशी टोचली असती तर वाचली असती, आणि मी गाठीचा निकाल यायची वाट बघत बसलो? एकेक कारण घेऊन बसतो, ते खरं वाटतं, दुसरं घेतलं की पहिलं फिकं पडतं. तू जवळ असतास तर एवढं एक विचारलं असतं : हे कधीतरी कळतं का, की असंच राहतं?

पिराजी संध्याकाळी आला. ओरडला नाही. पायरीवर बसला, बिडीसुद्धा पेटवली नाही.

"सयाजी, तू म्हनलास म्हनून टोचली."

"व्हय."

"गाठ उठली असती तर जगली असती."

"न्हाई पिराजी."

"कशावरनं?"

तोच प्रश्न, आणि माझ्याजवळ तेच उत्तर. तेवढ्यात गल्लीतले आणखी चार-पाच जण जमले. त्यातला एक तोंड वाकडं करून म्हणाला, "ह्याच्या भावाचं औषध ह्ये. दोन वर्सांमागं दुधाला नावं ठिवली, आता म्हशी मारतोय. पुन्यात बसून तेल लावतोय आमाला."

मी उठलो. वय एक्कावन्न, पण उठलो. म्हटलं, "माझ्या भावाचं नाव घेऊन बोलायचं काम न्हाई. त्यानं उंदरांवर बघितल्याशिवाय एक ओळ लिहिली न्हाई, आन् जे ठाऊक न्हाई ते ठाऊक न्हाई म्हणून लिहिलंय. असं लिहिणारा एक माणूस दाखवा मला ह्या पेठेत."

भांडण व्हायचं ते झालं नाही. पिराजीनंच त्याला गप्प केलं. म्हणाला, "म्हैस माझी गेलीया, मी बोलंन काय बोलायचं ते." आणि मग मला म्हणाला, "तुझ्या भावाला बोलीव. तू मधी नगंस. तू सांगतोस तवा मला निम्मंच कळतंया, आन् वाटतंया तुला बी निम्मंच कळलंया."

राग यायला पाहिजे होता. आला नाही, कारण खरं होतं.

आता इथली अवस्था अशी आहे. ज्यांनी त्या रविवारी टोचून घेतली त्यांच्या म्हशी आज उभ्या आहेत, लंगडणं थांबलं आहे, अंगावर काही खूण नाही. ते रोज सकाळी मांडीवर हात फिरवून गाठ शोधतात, सापडत नाही, माझ्या दारावरून जाताना मान खाली घालतात. ज्यांनी टोचून घेतली नाही ते आता घेणारच नाहीत, माझ्या हातून तर नाहीच. अशा बारा-तेरा म्हशी आहेत. रोग पलीकडच्या पेठेतही आहे. एकजण मानेवर चुना आणि बिब्बा लावून गाठ उठवतोय, म्हणजे लस न देताच गाठ! त्याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

दवाखान्यातले डॉक्टर चांगले आहेत, पण लोक म्हणतात, हे बदलीवर आलेत, उद्या जातील. तू गंगावेशीतला आहेस. तुला शिव्या द्यायला त्यांना मजा येईल, आणि शिव्या देऊन झाल्यावर ते ऐकतील. तू तुझी ती देवीची आणि मेलेल्या जंतूंची गोष्ट सांग, तुला येते तशी, मी सांगितली की ती हलगीवर जाते. दोन-तीन आठवड्यांचं पहिल्यांदा सांग, आणि दोनदा सांग. पिराजीला वेगळं बसवून सांग. तो प्रश्न विचारील, त्यातल्या काहींना तुझ्याकडंही उत्तर नसेल, तिथं नाही म्हण. त्यानं काही बिघडत नाही, हे मी आता बघितलं आहे.

गोठ्याचं दार उत्तरेचं काढून पूर्वेला केलंय, चुकू नकोस. तुझ्या वहिनीनं अंथरूण उन्हात टाकलं आहे, मी सांगितलं नव्हतं. शनिवारी रात्रीची गाडी धरलीस तर रविवारी सकाळी पोचशील आणि संध्याकाळी कट्टा भरलेला असेल.

बोलायचं तू. म्हशी मी धरतो.

दादा